टोळीला जादा पैसे का द्यायचे?

वाळवा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलंय. दोन एकर आडसाली (साधारण दीड वर्षाचा) ऊस आहे, एकरी 45 टनांचा अंदाज आहे. ऊसतोड मजुरांची टोळी एकरी 5,000 रुपये खुशाली, म्हणजे मजुरीवरचे जादा पैसे, मागते आणि ट्रॅक्टरवाला खेपेमागे एन्ट्री, म्हणजे रानात येण्याचे पैसे, वेगळे मागतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च तर कारखाना आधीच बिलातून कापून घेतो. ते पुढे लिहितात, "यांना ना शिक्षण लागतं ना कौशल्य, नुसती अंगमेहनत. माझा चुलतभाऊ इंजिनिअर होऊन पुण्यात 18,000 वर राबतोय. मग कोयता चालवणाऱ्याला एवढे पैसे कशासाठी? आणि योग्य दर किती, हे ठरवायचं कसं?"

मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात 31 वर्षं काढली. चिटबॉय (उसाच्या नोंदी-पावत्या लिहिणारा) म्हणून लागलो, गटाधिकारी (कारखान्याच्या एका गटाचा, म्हणजे काही गावांच्या पट्ट्याचा, शेती अधिकारी) म्हणून निवृत्त झालो. घरी दीड एकर ऊस आहे, त्यामुळे बांधावर उभं राहून खुशालीची घासाघीसही केलेली आहे. तुमचा राग मला परका नाही.

पण तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत आणि त्यांची उत्तरं वेगळी आहेत. एक, टोळीनं अडवून पैसे मागणं बरोबर आहे का? दोन, या कामाला आत्ता जे मिळतं ते त्याचं मोल आहे का? पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचंही नाही. ही दोन्ही उत्तरं एकाच मुळातून आलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब मांडू. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात करार झाला. त्यात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपयांच्या आसपास आला. मुकादमाचं, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचं, कमिशन 19 वरून 20 टक्के झालं. मोळ्या डोक्यावरून वाहायच्या की बैलगाडीनं, आणि अंतर किती, याप्रमाणे फरक पडतो, पण तोडणीपुरता हाच आकडा धरू. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस सरळ असेल, फड (तोडीचं रान) कोरडा असेल, तर ही जोडी दिवसाला दोन टनांपर्यंत जाते. म्हणजे 732 रुपये. हे दोघांचे. माणशी 366.

आता दोन टन म्हणजे काय, ते बघा. एक ऊस सरासरी सव्वा किलोचा धरला तर 1,600 ऊस. प्रत्येकाला बुडात एक घाव, शेंड्याला एक घाव, मध्ये पाचट उतरवायचं. वाकून, उठून, परत वाकून. मग त्याच्या मोळ्या बांधायच्या. 25 किलोची मोळी धरली तर 80 मोळ्या होतात. त्या डोक्यावर घेऊन सरीवरंब्यातून गाडीपर्यंत न्यायच्या आणि फळीवरून चढून रचायच्या. गाडी रात्री अकराला आली तर भरणी रात्री अकराला. पहाटे चारला पुन्हा फडात. मी बारा-चौदा तासांचे दिवस मोजलेत, आणि त्यात कोपीवर (राहायच्या झोपडीवर) जाऊन बाईनं केलेला स्वयंपाक धरलेला नाही.

हंगाम 120 दिवसांचा धरला आणि एकही दिवस खाडा झाला नाही असं समजलं, तर त्या जोडीची कमाई 87,840 रुपये होते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुतेक तेवढीच किंवा त्याहून जास्त घेतलेली असते. म्हणजे दिवाळीआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे फेडायलाच उन्हाळा उजाडतो. पाऊस झाला, कारखाना चार दिवस बंद पडला, मूल आजारी पडलं, की उचल फिटत नाही, अंगावर राहते आणि पुढच्या साली त्याच मुकादमाकडे यावं लागतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी ट्रॅक्टरमालकांचे लाखो रुपये घेऊन मुकादम पळालेत, हेही मला माहीत आहे. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेली पोरं त्यात बुडाली. पण फडात वाकलेल्या माणसानं ते पैसे नेलेले नसतात.

कौशल्य नाही म्हणता, तिथं मी तुम्हाला अडवणार. मी नोकरीला लागलो त्या पहिल्या हंगामात आमच्या गटाधिकाऱ्यांनी मला दोन दिवस कोयता धरायला लावला होता. म्हणाले, ज्याचं वजन लिहिणार आहेस ते आधी उचलून बघ. मी शेतकऱ्याचा मुलगा, तेवीस वर्षांचा, तालमीत जाणारा. दुपारपर्यंत माझा ढीग शेजारच्या बाईच्या ढिगाच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नव्हता, आणि माझी बुडखी जमिनीच्या वर चार-चार बोटं राहिलेली. तिनं ती परत येऊन छाटली. मला एवढंच म्हणाली, "भाऊ, शेतकऱ्याची साखर मातीत ठेवू नका." हातांना पाचटाची कुसं भरली होती, ती आठवडाभर सलत राहिली.

ती म्हणाली त्यात तुमचा पैसा आहे. उसाची साखर बुडाकडच्या कांड्यांत सगळ्यात जास्त असते. बुडखा दोन इंच वर राहिला तर तुमचं वजन जातं, कारखान्याचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) जातो आणि खोडव्याचा, म्हणजे त्याच बुडख्यातून येणाऱ्या पुढच्या पिकाचा, फुटवा वरच्या डोळ्यातून येऊन कमजोर निघतो. शेंडा एक कांडी वर तोडला तर कच्चा रस गाडीत जातो, एक कांडी खाली तोडला तर तुमचा ऊस वाढ्यात (शेंड्याच्या हिरव्या चाऱ्यात) जातो. हे दिवसाला 1,600 वेळा, दमलेल्या हातानं, अंधारात, अचूक करायचं असतं. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला ठरते आणि वरच्या प्रत्येक दशांशाला पैसे मिळतात. आपल्या कृष्णाकाठाला चांगला उतारा मिळतो, त्यात जमीन-पाणी-हवामानाचा वाटा मोठा आहे, पण त्यातला थोडा वाटा त्या कोयत्याचाही आहे. तो कधी कुणी मोजलेला मी पाहिला नाही.

आता तुमच्या चुलतभावाकडे येऊ, कारण ती तुलना मला महत्त्वाची वाटते. त्याला 18,000 मिळतात ते त्याच्या शिक्षणाचं मोल नाही. त्याच्यासारखे हजारो दारात उभे आहेत आणि त्याला खोलीचं भाडं पहिल्या तारखेला भरायचंय, म्हणून त्याला 18,000 मिळतात. कोयत्याला टनाला 366 मिळतात तेही याच कारणानं. माझ्या नोकरीत मी एवढंच शिकलो: कामाचा दर घाम बघून ठरत नाही, पदवी बघूनही ठरत नाही. कोण किती दिवस थांबू शकतो, यावर ठरतो. मजूर उचल घेऊन बसलेला असतो, तो थांबू शकत नाही. करार काही वर्षांसाठी होतो, मधल्या काळात त्याला तोंड उघडायला जागा नसते. मात्र फेब्रुवारीत तुमच्या उसाला तुरे आलेत, वजन घटत चाललंय आणि तोडीची पाळी येऊन टोळी बांधावर उभी आहे, त्या दोन दिवसांत थांबू न शकणारे तुम्ही असता. वर्षभर जे त्याच्यावर झालं ते त्या दोन दिवसांत तुमच्यावर होतं. खुशाली हे त्या उलटलेल्या जोराचं नाव आहे.

म्हणूनच ती वाईट आहे. ती कामाच्या कष्टावर ठरत नाही, शेतकऱ्याच्या अडचणीवर ठरते. मी पाहिलंय, रस्त्याकडेचा सरळ ऊस असलेल्या विधवा बाईकडून एकरी 6,000 घेतले आणि आडव्या पडलेल्या, चिखलातल्या उसाच्या पुढाऱ्याकडून एक रुपया मागितला नाही. शिवाय ते पैसे कोयत्यापर्यंत सारखे पोचत नाहीत, बायकांच्या हातात तर क्वचितच. तुमचे 5,000 एकरी म्हणजे टनाला 111 रुपये झाले. म्हणजे तोडणीचा खरा दर तुमच्या रानात 477 आहे, पण त्यातले 111 कुठल्या कागदावर नाहीत, कुणाच्या हिशेबात नाहीत, आणि पुढच्या करारात मजुराला त्यांचा उपयोगही नाही. साखर आयुक्तालयानं जादा पैसे देऊ नका, तक्रार करा, असं वेळोवेळी सांगितलंय. तक्रार केली की टोळी शेजारच्या गटात जाते आणि तुमचा ऊस उभा राहतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

मुळात दुखणं कुठं आहे? सगळ्या उसाला एकच दर आहे, इथं. रस्त्याला लागून असलेला उभा ऊस टनाला 366. महापुरात लोळलेला, गाळ बसलेला, एकमेकांत विणलेला ऊसही टनाला 366. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात आम्ही जो ऊस तोडून घेतला, त्यात जोडीचा दिवस पाऊण टनावरही आला होता. आत्ताच्या 366 च्या दरानं धरलं तरी 275 रुपये, दोघांना मिळून. त्या वर्षी जादा पैसे मागणाऱ्या टोळीला मी लुटारू म्हणू शकलो नाही.

आपल्याच सांगली जिल्ह्यात यावर फार पूर्वी विचार झालेला आहे. रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांची. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला 1965 मध्ये तिचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्या कामांवर मजुरी मोजमापावर द्यायची, पण मऊ माती, मुरूम आणि खडक यांना दर वेगळे, माती किती लांब टाकायची आणि किती उंच चढवायची त्याचे दर वेगळे. खडक फोडणाऱ्या बाईचं माप कमी भरणार, म्हणून तिला घनमीटरला जास्त, हे सरकारी इंजिनिअरनं कागदावर मान्य केलं होतं. अंमलबजावणीत घोळ झाले, मापं मारली गेली, हे आटपाडी-खानापूरकडच्या कुठल्याही म्हातारीला विचारा. पण तत्त्व बरोबर होतं. उसात मात्र सरळ आणि आडवा यांत फरक करायला अजून कुणी तयार नाही.

यंत्राचं उदाहरण बघा. हार्वेस्टरला (ऊसतोडणी यंत्राला) टनाला माणसापेक्षा जास्त दर मिळत आला आहे. कारण विचारलं तर सांगतात: डिझेल आहे, हप्ता आहे, घसारा आहे, दुरुस्ती आहे. हे सगळं खरं आहे. पण मग माणसाचा घसारा? गुडघे, कंबर, मणका, हे दर हंगामाला झिजतात. पन्नाशीचा कोयता मी फारसा पाहिला नाही, कोयता सुटलेली पंचेचाळिशीची माणसं खूप पाहिली. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारी समितीनं 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कारणं अनेक सांगितली गेली. त्यातलं एक असं, की पाळीच्या किंवा दुखण्याच्या दिवशी कामावर न गेल्यास खाड्याचा दंड बसतो. यंत्राचा घसारा धरला नाही तर मालक यंत्र देणार नाही. माणूस स्वतःला द्यायचं थांबवू शकत नाही, म्हणून त्याचा घसारा त्याच्या घरावर पडतो, त्याच्या बायकोवर पडतो, आणि शेवटी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो.

एक गोष्ट तुमच्या-माझ्या दाराशी आहे, ती टाळून पुढं जाता येणार नाही. आपल्या रानात भांगलणीला (खुरपणीला) बाई येते. आमच्या गावात तिला 300 आणि औषध मारायला येणाऱ्या पुरुषाला 500. का, म्हणून विचारलं तर उत्तर येतं, बायकांचं काम हलकं. उन्हात आठ तास उकिडवं बसून भांगलणं हलकं असतं तर आपण पुरुषांनी ते कधीतरी केलं असतं. "नुसती अंगमेहनत" हा शब्दही तसाच आहे. आपण ज्याला कमी द्यायचं ठरवतो त्याला आधी हलकं किंवा अडाणी म्हणतो. आणि हाच न्याय आपल्याला लागतो तेव्हा बोचतो. लग्नाच्या बैठकीत मुलगी बघायला गेलेल्या ऊस उत्पादकाला "पण नोकरी आहे का?" हा प्रश्न ऐकावा लागतोच की.

आता तुमच्या दोन एकरांचं. इथं परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. ऊस किती पडलाय, गाडी बांधापर्यंत येते का, रान काळं आहे की मुरमाड, टोळी कारखान्याची आहे की तुम्ही स्वतः आणलेली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून मी माझ्याकडे काय करतो ते सांगतो.

तोडीच्या आधी तीन आठवडे उसाला पाणी देणं थांबवतो. रान वाळतं, गाडी रुतत नाही, उताराही सुधारतो. ऊस मोठा होतानाच बुडाला मातीची भर चांगली घालून, जिथं लोळण्याचा धोका आहे तिथं जुड्या बांधून घेतो. बांधाकडेची झुडपं काढून गाडीला वळायला जागा करतो. या सगळ्याला मला दोन-अडीच हजार खर्च येतो आणि टोळीचा अर्धा दिवस वाचतो. त्यांचा वाचलेला अर्धा दिवस ही त्यांना दिलेली मजुरीच आहे, आणि ती मुकादमाच्या खिशात जाऊ शकत नाही.

टोळी उतरली की पहिल्या दिवशी फडात फिरून दाखवतो. उभा ऊस असेल तिथं जादा काही नाही, चहा, पाणी, सावली आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना जेवण. पडलेल्या उसाला टनाला 60 ते 100 रुपये, किती पडलाय ते दोघांनी मिळून बघून. रस्ता लांब असेल तर डोक्यावरच्या वाहतुकीचे टनाला 30-40 वेगळे. हे आधी ठरवायचं, द्यायचं मात्र तोड झाल्यावर, बुडखे बघून आणि वजनाच्या पावत्यांवर टन मोजून. आणि द्यायचं ते मुकादमाला एकत्र न देता, कोयत्याप्रमाणे वाटून, नवरा-बायको दोघंही समोर असताना. पहिल्या वर्षी मुकादम नाराज झाला. दुसऱ्या वर्षी टोळीतल्या बायकांनीच त्याला माझ्या रानाकडे आणलं.

वाढे त्यांचे. त्यावर वाद घालू नका. ते विकून बायकांच्या हातात रोजचा भाजी-मिठाचा पैसा येतो, आणि या हंगामात त्यांच्या स्वतःच्या हातात येणारा बहुतेक तेवढाच असतो. तुमच्या जनावरांना लागत असतील तर त्या दिवशीच्या भावानं विकत घ्या.

ट्रॅक्टरच्या एन्ट्रीला मी नाही म्हणतो. वाहतुकीचा दर अंतरावर ठरलेला असतो. चिखलामुळं दुसरा ट्रॅक्टर लावून ओढावं लागलं तर त्याचं भाडं मी देतो, नुसत्या दारात येण्याचं देत नाही. रात्री आलेल्या चालकाला जेवायला घालतो.

एकट्यानं हे जमत नाही. आमच्या शिवारात आम्ही नऊ जणांनी मिळून ठरवलं, एका ओळीत तोडीच्या पाळ्या घेतल्या आणि सगळ्यांनी तोच दर सांगितला. एकानं गुपचूप 7,000 दिले की पुढच्या आठ जणांचं मोडतं, म्हणून पहिली बैठक आमच्या आमच्यातच झाली, तीच सगळ्यात अवघड गेली. तुमच्या शिवारात निदान पाच जण एकत्र येतात का, ते आधी बघा. कारखान्याच्या गट ऑफिसला हे दर लेखी कळवा. खुशालीवर तिथं सगळे मान हलवतात, पण पडलेल्या उसाचा दर म्हणून लेखी आलेली गोष्ट त्यांना नाकारायला जड जाते. दोन-चार गटांतून अशी पत्रं गेली तर पुढच्या करारात हा मुद्दा मांडणाऱ्याच्या हातात काहीतरी राहील.

हे धरून तुमचा आकडा काढू. समजा 90 टनांपैकी 30 टन पडलेला आहे आणि रस्ता बांधाला लागून आहे. 80 च्या दरानं 2,400 रुपये. त्यात जेवणाचे 1,500 धरा. 3,900 मध्ये दोन एकर निघतात, तुम्हाला मागितलेत 10,000. सगळाच ऊस लोळलेला असेल तर मात्र 7,000-9,000 जातील, आणि ते मी दिले असते. पाणी बंद करायच्या आधी एकदा फडात आत शिरून बघा, बांधावरून पडलेला ऊस नेहमी निम्माच दिसतो. किती ओळी पडल्यात ते मोजून लिहा, मग रस्त्याचं अंतर धरून पक्का आकडा सांगतो.